हेळव्याची वही आणि मेपलचं पान

मार्चमधली गोष्ट, शिमग्याच्या आधीचा रविवार. मी गावच्या घरी सोप्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि हेळवी आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात घराघराची वंशावळ वहीत लिहून ठेवणारे हे लोक. काही वर्षांनी एकदा येतात, दारात बसून वही उघडतात आणि तुमच्या खापरपणजोबापासून सुरुवात करून कोण कुठल्या गावचा मूळचा, कुठून उठून कुठे आला, त्याला किती पोरं, त्यातला कोण शेती करत राहिला आणि कोण कुठे गेला ते एका दमात वाचून दाखवतात. मग धान्य घ्यायचं, पैसे घ्यायचे, नवीन जन्मलेल्यांची नावं चढवायची आणि पुढच्या दाराला. पूर्वी बैलावर बसून यायचे म्हणे. आमच्याकडे आले ते टेम्पोतनं.

थोरले काका समोर मांडी घालून बसले, बाबा खुर्चीत, आई आत तांदूळ पाखडत होती. वाचन सुरू झालं. मी एक कान तिकडे ठेवून माझं काम करत होते आणि माझ्या स्क्रीनवर पण नेमकं एक झाडच होतं, म्हणजे आडवं पडलेलं, फांद्या उजवीकडे आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक नाव. हेळवीमामांची नजर गेली. म्हणाले, "ताई, हे कुणाचं घराणं?"

मी म्हटलं, "मेपल म्हणून झाडं असतात मामा, त्यांचं."

"कुठल्या गावची?"

"चीन, जपान, अमेरिका, युरोप. थोडी आपल्या हिमालयात."

"मग वही मोठी असंल," म्हणाले आणि परत आमच्या पानावर गेले.

आता बेळगावात एका कॉलेजात बॉटनी शिकवणारी बाई मेपलच्या मागे कशाला लागली हा प्रश्न बरोबरच आहे. मी अजून एकही मेपल उभं असलेलं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आमच्या ह्या भागात, खरं तर अख्ख्या दक्षिण भारतात, मेपल आपसूक उगवतच नाही. ह्याला दोन कारणं झाली, एक धाकटा भाऊ आणि दुसरं म्हणजे माझीच एक विद्यार्थिनी.

भाऊ टोरांटोला असतो. बारा वर्षं झाली. मागच्या खेपेला येताना त्याने सिरपची बाटली आणि वहीत दाबून वाळवलेलं एक पान आणलं, अक्कासाठी खास कॅनडाचं राष्ट्रीय पान म्हणून. सिरप बाबांनी भाकरीवर ओतून खाल्लं आणि म्हणाले ही तर आपली काकवीच की. तसं ते चूक नाहीच, फरक एवढाच की तिथे झाडाच्या खोडाला भोक पाडून जो रस मिळतो त्यात साखर दोन टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कुठे एक लिटर सिरप. आमच्या गुऱ्हाळवाल्याला हे सांगितलं तर तो चुलाणच विझवेल.

पान मात्र मला खटकलं. कॅनडाच्या झेंड्यावरचं पान १९६५ पासून सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि सिरप ज्याचं करतात त्या शुगर मेपलचं पान पुस्तकात बघितलेलं. हे जरा जास्तच रुंद, फताडं. नंतर जूनमध्ये एकदा व्हिडिओ कॉलवर होता, घराबाहेर फुटपाथवर उभा, तर मी म्हटलं त्याच झाडाचं एक ताजं पान तोड आणि देठ मोडून कॅमेऱ्यासमोर धर. त्याने मोडलं. देठातनं पांढरा चीक आला, रुईचा येतो तसा पण थोडा पातळ.

"हे कॅनडाचं नाही रे बाबा. हे नॉर्वे मेपल. युरोपातनं आणून रस्त्याकडेला लावलेलं."

तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "अक्का, बारा वर्षं मी ह्याच्याखाली गाडी लावुलालोय." त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं की ह्यात फसणारा तू एकटा नाहीस, २०१३ मध्ये कॅनडाच्या नव्या प्लॅस्टिक नोटांवर छापलेलं पान पण नॉर्वे मेपलचंच दिसतंय म्हणून तिथल्या एका वनस्पतीतज्ज्ञाने गलका केला होता.

पानावरून ओळखणं म्हणजे असला धोका. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की पोरं आता कंटाळतात, पण उदाहरणंच इतकी छान आहेत की राहवत नाही. काश्मीरचा चिनार घ्या. पान बघितलं तर कुणीही मेपल म्हणेल, हिंदी सिनेमात तर दोन्ही एकच असतात. पण मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, चिनारची एकाआड एक. आणि डीएनए बघितल्यावर चिनारची सोयरीक निघाली कमळाशी! तळ्यातलं कमळ आणि चिनारचं झाड एका गणात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच पुस्तक बंद करून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

उलटं पण होतं. अमेरिकेत बॉक्स एल्डर नावाचं मेपल आहे, त्याचं पान मेपलसारखं अजिबात नाही, एका देठावर तीन, पाच, सात पर्णिका. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याचं नाव ठेवलं एसर नेगुंडो. आता हे नेगुंडो कुठलं? आपली निर्गुंडी! आमच्याकडे जिला लिंगडी म्हणतात, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात जिचा पाला टाकतात, बांधाबांधावर उगवते ती. तिचं शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो, आणि त्या अमेरिकन झाडाचं पान तिच्या पानासारखं दिसलं म्हणून त्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे आमच्या खानापूरच्या बांधावरचं नाव मिसिसिपीच्या काठावर जाऊन बसलं आणि कुणाला पत्ता नाही. नंतर काही लोकांनी ह्या झाडाला मेपलांतनं बाहेर काढून वेगळा वंशच करून टाकला होता, पान जुळत नाही म्हणून. डीएनएने ते आतलंच असल्याचं दाखवलं, आणि त्याचे जवळचे भाऊबंद निघाले चीन आणि जपानमध्ये, समुद्रापलीकडे.

तर ती विद्यार्थिनी. तिच्याकडे तिच्या मामाचं जुनं पुस्तक होतं, त्यात मेपलची फॅमिली एसरेसी. माझ्या नोट्समध्ये सॅपिंडेसी. तिने हात वर करून विचारलं, मॅडम, ह्यातलं खरं कुठलं? आणि सॅपिंडेसी म्हणजे रिठ्याची फॅमिली ना, मग रिठा आणि मेपल एका घरातले कसे, दिसतात तरी का सारखे? मी तेव्हा म्हटलं नवीन वर्गीकरण आहे, १९९८ ला एपीजी नावाच्या गटाने डीएनएच्या आधारावर केलं, परीक्षेत सॅपिंडेसी लिहा. ती बसली. पण तिचा चेहरा बघून मला कळलं की हे काही उत्तर नव्हतं, मी सरकारी जीआर वाचून दाखवला होता.

मग त्या सुट्टीत ठरवलं की आपण स्वतः करून बघायचं. ह्यात मोठं काही लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जगभर लोकांनी ज्या ज्या झाडांचे डीएनए वाचलेत ते जीनबँक नावाच्या सरकारी साठ्यात ठेवलेले असतात, कुणीही उतरवून घ्यावेत, फुकट. मेपलच्या साधारण दीडशे जाती, त्यातल्या बहुतेक पूर्व आशियात, आणि त्यातल्या कितीतरींची अक्षरं तिथे पडून आहेत. अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी, चारच. मुळाक्षरं चार आणि पोथी कोट्यवधींची.

सगळी पोथी कुणी वाचत नाही. सुरुवातीला लोक एक छोटा तुकडा वाचायचे, आयटीएस म्हणतात त्याला. पेशीत रायबोसोम बनवायची जी जीन्स असतात त्यांच्या मधली जागा, सगळी मिळून सहा-सातशे अक्षरांची. जीन्स स्वतः बदलत नाहीत फारशा, बदलल्या तर झाड मरेल, पण मधल्या मोकळ्या जागेत काही चुकलं तरी फारसं कुणाचं अडत नाही, त्यामुळे तिथे बदल साठत जातात. शेताच्या बांधासारखं, पिकात तण राहू देत नाही आपण पण बांधावर काय वाटेल ते उगवतं, आणि किती वर्षं कुणी बांध झाडला नाही ते त्या तणावरून कळतं.

मी वीसेक मेपलांचं आयटीएस घेतलं, एकाखाली एक लावलं. हे लावणं म्हणजेच खरं काम. स्क्रीनवर रंगीत उभ्या पट्ट्या दिसतात, सगळ्या झाडांत एकच अक्षर असलं की पट्टी एका रंगाची सरळ खाली जाते, आणि मध्येच कुठेतरी चार ओळींत टी आणि बाकीच्यांत सी, तिथे डोळा थांबतो. कुणाची दोन अक्षरं गळालेली, तिथे आडव्या रेघा मारून जागा सोडायची, नाहीतर पुढची सगळी रांग सरकते आणि नसलेले फरक दिसायला लागतात. चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला, असे माझे तीन दिवस गेले. गावात नेट माडीवरच्या खिडकीशीच येतं, त्यामुळे डाउनलोड करायला वर, जेवायला खाली.

ह्या फरकांवरून संगणक वंशावळीचं झाड काढतो, फरक जास्त तितकी फांदी लांब. पहिलं झाड निघालं आणि मी हबकले. सगळी मेपलं एका बाजूला गोतावळ्यासारखी आणि नॉर्वे मेपल, माझ्या भावाचं नॉर्वे मेपल, एकटंच लांबलचक फांदी घेऊन पार स्क्रीनच्या कडेला. मला वाटलं काहीतरी मोठा शोधच लागला. रात्री झोप नाही. सकाळी परत फाइल उघडली तेव्हा कळलं, नॉर्वे मेपलचं नाव एसर प्लॅटॅनॉइडिस, म्हणजे चिनारसारखं दिसणारं, आणि मी घाईत उतरवून घेतलं होतं प्लॅटॅनस. चिनारच! वर्गात पोरांना ज्याच्याविरुद्ध सावध करते त्याच खड्ड्यात मी स्वतः पडले, तेही पान न बघता नुसत्या नावाने. कुणाला सांगितलं नाही, आता सांगतेय.

झाडाला बूड कुठे हे पण आपोआप कळत नाही. भावाभावांत थोरला कोण हे त्या भावांनाच विचारून चालत नाही, भावकीबाहेरचा कुणीतरी साक्षीदार लागतो. मेपलांसाठी तो साक्षीदार म्हणजे डिप्टेरोनिया, चीनमध्ये त्याच्या दोनच जाती उरल्यात. मेपलचं फळ म्हणजे जोडीने लागलेल्या दोन बिया, प्रत्येकीला एका बाजूला पंख, पडताना भिरभिरत पडते. डिप्टेरोनियाच्या बीला पंख सगळीकडून गोल, बिंदीसारखा. आज तो फक्त चीनमध्ये आहे पण त्याचे जीवाश्म उत्तर अमेरिकेत सापडलेत, म्हणजे एके काळी ह्या घराण्याचा जमीनजुमला बराच मोठा होता. पूर्व आशिया आणि अमेरिका ह्यांच्या झाडांतलं हे साम्य आसा ग्रे ह्या अमेरिकन माणसाने १८५९ मध्येच जपानच्या वनस्पती बघून मांडलं होतं, तेव्हा डीएनए काय असतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

आणि प्रत्येक फाट्यावर एक आकडा येतो. संगणक तुमच्याच उभ्या पट्ट्या चिठ्ठ्यांसारख्या उचलतो, काही दोनदा येतात, काही एकदाही नाही, असं हजार वेळा परत झाड काढतो आणि सांगतो की हा फाटा शंभरातल्या किती वेळा असाच निघाला. अठ्ठ्याण्णव आला तर निश्चिंत. माझ्या झाडात टोकाकडचे आकडे चांगले होते पण मधल्या जुन्या फाट्यांवर पंचेचाळीस, बावन्न, असले तळ्यात मळ्यात. सहाशे अक्षरांत तेवढीच अक्कल असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी पाचशेच्या वर वेगवेगळे तुकडे घेऊन मेपलांचं झाड काढलं ते त्यासाठीच.

रिठ्याचा प्रश्न मात्र अजून बाकी होता. त्याच आठवड्यात जांबोटीकडे जाताना कुसुंब दिसला. मार्चमध्ये आमचं जंगल सुकलेलं, करडं असतं, सागाची पानं गळालेली, आणि मध्येच एखादा कुसुंब नखशिखान्त लाल. फुलं नव्हेत ती, कोवळी पालवी. लोक काश्मीर आणि कॅनडाचे लाल झाडांचे फोटो फॉरवर्ड करतात आणि घाटात जाताना ह्या झाडाखालून गाडी काढतात, मान वर न करता. मेपल लाल होतं ते पानं गळायच्या आधी, कुसुंब लाल होतो तो पानं येताना, रंग देणारं द्रव्य एकच जातीचं, अँथोसायनिन. कुसुंबही सॅपिंडेसीतलाच. रिठा, लिची, कुसुंब, कुंपणावर चढणारी कपाळफोडी, बांधाला लावतात ती जखमी, सगळी ही एक फॅमिली. कपाळफोडीचं फुगलेलं फळ फोडून बघा कधी, आत काळ्याभोर बिया आणि प्रत्येक बीवर पांढरं बदाम, पत्त्यांतलं. लहानपणी आम्ही त्या बिया कंपासपेटीत ठेवायचो. आणि सॅपिंडेसी हे नाव आलं सॅपिंडसवरून, म्हणजे भारतातला साबण, रिठा. शहापूरच्या रेशमी साड्या आमची आजी कधी साबणाला लावायची नाही, रिठ्याच्या फेसातच बुडवायची.

कुसुंबाची चार कोवळी पानं आणून कॉलेजच्या लॅबमध्ये पोरींनी डीएनए काढायचा प्रयत्न केला. पान खलात बारीक करायचं, सीटॅब नावाचं साबणासारखं द्रव्य घातलेलं पाणी पासष्ट डिग्रीला गरम करून त्यात टाकायचं, मग क्लोरोफॉर्म, मग थंडगार अल्कोहोल, की पांढरे धागे वर यायला पाहिजेत. आले तपकिरी. चहाचा चोथा असावा तसं काहीतरी. कोवळ्या लाल पानात टॅनिनसारखी द्रव्यं भरपूर, ती डीएनएला चिकटतात आणि सगळं काळं करतात. दुसऱ्या वेळेला जून हिरवी पानं घेतली, पीव्हीपी नावाची पूड घातली, तेव्हा कुठे ट्यूब हलवताना तो कापसासारखा धागा दिसला आणि लॅबमध्ये शिट्ट्या. अटेंडर बघायला आला काय झालं म्हणून.

कुसुंबाचं आयटीएस मेपलच्या शेजारी ठेवलं तर ओळी जुळेचनात, इतका बदल झालेला. लांबच्या नात्याला लांबचा पुरावा लागतो. तिथे मग आरबीसीएल घ्यायचं, हे जीन हरितद्रव्याच्या क्लोरोप्लास्टमध्ये असतं, हवेतला कार्बन पकडायचं काम करतं, म्हणून फार हळू बदलतं. त्याने लगेच चित्र स्वच्छ झालं. मेपलच्या सगळ्यात जवळ डिप्टेरोनिया, मग हिमालयातही सापडतो तो हॉर्स चेस्टनट, आणि त्याच्या पलीकडे एका मोठ्या फांदीवर रिठा, लिची, कुसुंब. म्हणजे सख्खे नव्हेत, पण एकाच वाड्यातले. त्या मुलीला फोन करून सांगितलं. ती तेव्हा बीएडच्या फॉर्ममध्ये अडकलेली, म्हणाली छान मॅडम.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आयटीएस असतं केंद्रकात, ते आई आणि बाप दोघांकडून येतं. क्लोरोप्लास्ट बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून. परागकणातनं तो जात नाही, बीमधनंच जातो. पराग वाऱ्यावर, माशीच्या पायावर कुठल्या कुठे जातो आणि बी त्या मानाने जवळच पडते. म्हणून एकाच झाडाच्या दोन वेगळ्या वह्या असतात, आणि त्या कधी कधी जुळत नाहीत.

अमेरिकेत लाल मेपल आणि चंदेरी मेपल अशा दोन जाती आहेत. दिसायला वेगळ्या, केंद्रकातला डीएनए म्हणतो वेगळ्या. पण क्लोरोप्लास्ट वाचला तर एका भागातल्या लाल मेपलचा क्लोरोप्लास्ट तिथल्याच शेजारच्या चंदेरी मेपलशी जुळतो, दूरच्या लाल मेपलशी नाही. कारण ह्या दोन जातींत आपसांत लग्नं होतात, १९३३ मध्ये फ्रीमन नावाच्या माणसाने मुद्दाम असा संकर केला, पुढे त्याला फ्रीमन मेपल नावही मिळालं. कधी काळी एका जातीच्या आईकडे दुसऱ्या जातीचा पराग आला, पोरं झाली, पोरांनी परत बापाच्या जातीत लग्नं केली, असं पिढ्यान् पिढ्या, केंद्रकातली आईची खूण पुसत गेली आणि क्लोरोप्लास्ट मात्र तिचाच राहिला. रंगरूप सगळं बापाच्या घराण्याचं आणि पानातला हिरवेपणा आईच्या गावचा.

हे वाचताना मी वाचत नव्हतेच, मला आमचंच घर दिसत होतं. आई गोकाकची. तिचं माहेर अख्खं कन्नड, लग्न होऊन खानापूर तालुक्यात आली तेव्हा तिला मराठीतलं 'जेवलास का' एवढंच येत होतं म्हणे. आज ती आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलते, ओव्या म्हणते, फक्त बोट कापलं की "अय्यो अव्वा" आणि हिशेब करताना ओंद, एरडू, मूरू. फॉर्मवर मातृभाषा असा रकाना आला की मी मराठी लिहिते. बाबांच्या भाषेला मातृभाषा! कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रकान्याचा शब्दशः अर्थ घेतला तर मी कन्नड, आडनाव बघितलं तर मराठी, आणि दोन्ही वह्यांत खोटं काही लिहिलेलं नाही.

आमच्याकडे ह्या विषयावर फार बोललं की चहाच्या टपरीवर पण आवाज चढतात, म्हणून थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं गाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं. गाव जागचं हललं नाही, विहीर तीच, ग्रामदैवत तेच. मग १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. मेपलही तसंच जागच्या जागी उभं राहिलं आणि एसरेसीतनं सॅपिंडेसीत गेलं. आणि तोही वाद मिटलाय असं समजू नका, २०१० मध्ये काही अभ्यासकांनी ह्याच फॅमिलीच्या डीएनएवरून मांडलं की सॅपिंडेसी फार पसरट झालीय, एसरेसी परत वेगळी करा. नात्याबद्दल त्यांचं भांडण नाही बरं का, कोण कुणाच्या जवळ हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते रेघ कुठे मारायची ह्याच्यावर, आणि ती रेघ डीएनएत कुठे लिहिलेली नसते, ती माणसं मारतात. अजून तरी जास्त लोक एकत्र ठेवूया म्हणणारे आहेत.

मेपलांचे सगळ्यात जुने जीवाश्म साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचे, तिकडे उत्तरेत. बेळगाव म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाची दक्षिणेकडची कड, तो लाव्हा ओतला गेला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तिकडे पहिली मेपलं पंख फुटलेल्या बिया भिरकावत होती तेव्हा इकडे आमची जमीन ओतून फार वर्षं झाली नव्हती, आणि भारत अजून आशियाला जाऊन धडकलाही नव्हता. हे काका-बाबांना सांगितलं की ते "असंल बाई" म्हणतात आणि पेपर उघडतात.

तर त्या रविवारी हेळवीमामांचं वाचन संपत आलं. बाबांचं नाव आलं, मग माझं नाही, भावाचं आलं, पुढे त्याच्या मुलाचं चढवायचं होतं. मी विचारलं, "मामा, ह्यात आईचं नाव कुठे?"

त्यांनी पान मागे घेतलं, बोट फिरवलं. आमच्या पानावर नव्हतं. आजीचं पण नव्हतं, पणजीचं पण नाही. अकरा पिढ्या आणि एक बाई नाही. ते जरा ओशाळले, म्हणाले, "घराणं पुरुषावरनं चालतंय ना ताई."

आई तेवढ्यात सूप घेऊन दारात आली होती. तिने विचारलं, "गोकाकची वही तुमच्याकडंच असती काय?"

"नाही आक्का, गावं वाटून घेतलेली असतात. तिकडची वही आमच्या चुलतभावाकडं. कन्नडात हाय ती."

"हौदा?" आई कन्नडात म्हणाली, म्हणजे हो का. मग माझ्या लॅपटॉपकडे बघून, "आणि तुझ्या त्या झाडांच्यात? त्यांच्यात तरी आईचं लिहितात काय?"

"लिहितात. एक अख्खी वही आईचीच असते."

"दाखव."

मी क्लोरोप्लास्टचं झाड उघडून दिलं. ती चष्मा लावून थोडा वेळ बघत बसली, त्यात सगळी लॅटिन नावं, तिला काय कळणार होतं, पण तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, तांदळाचा कोंडा लागलेलं, स्क्रीनवर पांढरी रेघ उठली. मग म्हणाली लाइट जायच्या आत नीट ठेव ते, आणि मामांच्या झोळीत दोन मापं तांदूळ घालून आत गेली.

संध्याकाळी गोकाकच्या मामाला फोन लावला. त्यांच्याकडचे हेळवी ह्या वर्षी अजून आलेले नाहीत, आले की थांबवून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं मी येते, वहीचे फोटो काढायचेत. तो म्हणाला ये की, पण आईला घेऊन ये, आणि येताना बेळगावचा कुंदा आण, इथनं गोकाकचं करदंट देतो, मिठाईला मिठाई. वहीत काय बघायचंय तेवढं मात्र त्याने विचारलं नाही.